चोवीस तासांची बाई

पुण्यात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची चिकित्सा करताना माझा अनुभव असा की, औषधांविषयीचे बोलणे आटोपले म्हणजे पत्नीला घेऊन आलेले वृद्ध गृहस्थ आवाज खाली आणून विचारतात, "डॉक्टर, चोवीस तासांची बाई ठेवावी काय?" ज्या सहधर्मचारिणीने आयुष्यभर आपले केले, तिचे करण्यासाठी परक्या बाईला दरमहा मुशाहिरा देऊन आणणे, हा त्यांना कर्तव्यच्युतीचा कबुलीजबाब वाटतो. तो तसा मुळीच नाही, हे मी निक्षून सांगतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे आपल्याकडे साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे 88 लाख माणसे या व्याधीने ग्रस्त आहेत. आणि त्यांचा भार पुष्कळ घरांत एकाच, स्वतःही थकलेल्या जिवावर पडलेला असतो.

अशा बाया पुरवणारे ब्यूरोवाले प्रथम विचारतात, "पेशंट चालता आहे की झोपून?" आणि बहुधा त्यावरच पगार ठरतो. वास्तविक अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत, हे कोणालाही शिकवता येते. परंतु दिवेलागणीला "मला माझ्या घरी जायचंय" म्हणत स्वतःच्याच घराचा उंबरठा ओलांडू पाहणाऱ्या चालत्या पेशंटला आवरण्यास निराळीच प्रज्ञा लागते. एका घरी मराठवाड्यातून आलेल्या मावशींनी अशा वेळी काय केले, ते मी समक्ष पाहिले आहे. "हेच तुमचं घर" असा वाद न घालता त्यांनी चपला आजींच्या पायांशी ठेवल्या, हाताला धरून इमारतीभोवती एक फेरी मारली, माहेरी कोण कोण असते ते विचारीत विचारीत त्यांना त्याच दारातून आत आणले आणि म्हणाल्या, "आलं बघा घर. हातपाय धुवा, चहा टाकते." आजी निमूटपणे मोरीकडे वळल्या. माझ्या गोळ्यांना हे साधले नव्हते.

अशा माणसाचे चोवीस तास विकत मिळतात, ही समजूत मात्र घातक आहे. रात्री चारदा उठणाऱ्या रुग्णाजवळ जागलेल्या बाईला दिवसा सलग झोप मिळाली नाही, तर आठवड्याभरात तिचा हात जड होतो आणि आवाज चढतो. मग आपण तिच्या स्वभावाला दोष देतो. ऐपत असेल तर बारा-बारा तासांच्या दोघी ठेवाव्यात. नसेल तर दुपारचे काही तास घरातल्या कोणी पत्करावेत. महाराष्ट्रात 2008 च्या अधिनियमाने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ निर्माण झाले खरे, पण आपल्या घरी राहणाऱ्या बाईला झोप मिळते की नाही, हे पाहण्यास मंडळ येणार नाही. तिची निजण्याची जागा, साप्ताहिक सुटी, भांडी-फरशी तिच्याकडे नाही ही अट, या सर्वांचा लेखी करारनामा पहिल्याच दिवशी करावा. दागिने तिच्या येण्यापूर्वीच बँकेच्या लॉकरमध्ये हलवावेत. कारण 'हिने माझ्या बांगड्या नेल्या' असा संशय हे या रोगाचे नेहमीचेच लक्षण आहे, आणि त्यापायी एखाद्या निरपराध बाईची अब्रू जाऊ नये.

नवऱ्याचे काम बाई आल्याने संपत नाही. पत्नीला कोणत्या नावाने हाक मारली म्हणजे ती वळून पाहते, अंघोळीचे पाणी आधी पायांवर घातले म्हणजे ती घाबरत नाही, वरणात तूप दिसले नाही तर ती ताट सारते, ही माहिती माझ्या केसपेपरावर नसते, ब्यूरोच्या दफ्तरी तर नसतेच; ती नवऱ्याने स्वतःच्या हाताने कागदावर उतरवून द्यावयाची असते.

आता दिवाळीत बाई गावी जाण्याची रजा मागेल. ती नाकारू नये. बदलीच्या बाईस दोन दिवस अगोदर बोलावून दोघींना एकत्र राहू द्यावे आणि पहिली अंघोळ दोघींनी मिळून घालावी.