मागचे सपाट

ती ओळ मी अजून पुसलेली नाही. ‘धाकट्या काकांकडे शेताचा विषय काढायचा नाही.’ पुढे तारीख नाही, कारण नाही. ‘माणसं’ नावाच्या फाइलीत चौदाव्या ओळीवर ती बसून आहे आणि तीन दिवस मी तिच्याभोवती फिरते आहे.

एआय सहायकासाठी केलेल्या फोल्डरमध्ये अशा नऊ फाइली झाल्या आहेत. माणसं, तब्येत, घर, वाचन, अर्धे राहिलेले लेख, असं काय काय. साधा मजकूर, मधे मार्कडाऊनच्या थोड्या खुणा. नवा संवाद उघडला की तो आधी हे वाचतो आणि मग माझ्याशी बोलतो. वाचलं नाही, तर काल रात्री दोन तास ज्याच्याशी एका परिच्छेदावरून वाद घातला त्याला आज मी कोण हेही ठाऊक नसतं. एकच संवाद फार लांबला तरी तीच गत. एका वेळी त्याच्यापुढे ठरावीक मजकूरच मावतो, कॉन्टेक्स्ट विंडो म्हणतात तिला. ती भरली की सुरुवातीचं गळतं, नाहीतर त्याचा चार ओळींचा सारांश उरतो. देवनागरीला इंग्रजीपेक्षा टोकन जास्त लागतात, म्हणून मराठीत बोलणाऱ्याची ती खिडकी जरा लवकरच भरते.

पुढचे पाठ, मागचे सपाट.

ही म्हण मी आत्याच्या तोंडून ऐकली, अमरावतीला, औटकीच्या वेळी. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडे दिवेलागणीला परवचा असायचा. पावकी, निमकी, पाऊणकी, मग सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. तीन औट साडेदहा, पाच औट साडेसतरा. औटकी कशीबशी जमली त्या संध्याकाळी दिडकी म्हणायला सांगितली, तर ती गेलेली. आत्या रागावली नाही. निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता तिने ही म्हण म्हटली आणि मला पुन्हा दिडकीवर बसवलं.

तेव्हापासून मला ‘सपाट’ या शब्दाचं कोडं आहे. विसरण्याला आपण सपाट का म्हणावं? पुसलं नाही, सांडलं नाही, हरवलं नाही, सपाट झालं. पेरणीआधी वखर फिरतो, मागल्या पिकाची धसकटं निघतात, रान सारखं होतं. तसं काही असेल का? पण माझ्या मनात रानापेक्षा धूळपाटी येते. व्युत्पत्ती म्हणून नाही, नुसतं चित्र म्हणून. फळीवर बारीक धूळ पसरायची, काडीने किंवा बोटाने अक्षर काढायचं, तळहाताने सारखं करायचं, पुढचं अक्षर काढायचं. आपण ती पाटी पाहिलेली नसते, तरी पहिल्या गिरवण्याला अजून धुळाक्षरंच म्हणतो. त्या पाटीवर ‘क’ सपाट झाल्याखेरीज ‘ख’ला जागाच नाही. मग म्हणीतला ठपका पोरावर कशासाठी? सपाट होणं हा पाटीचा धर्म आहे.

पण पाटी विसरते तेव्हा बोट विसरत नाही. शंभरदा मोडलेला ‘क’ शेवटी बोटात उतरतो, आणि पाटी नसतानाही हवेत काढता येतो. सहायकाच्या बाबतीत मी इथेच अडखळते. त्याच्याकडे बोट आहे, पण ते आधीच तयार झालेलं आहे, जगभरच्या लोकांच्या लिखाणावर. माझ्याशी बोलून त्यात काही मुरत नाही. माझ्या वाटची फक्त धूळ. म्हणून या फाइली: धूळ सपाट होण्याआधी उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरायची.

हे सगळं मला लावून देणारा भाचा म्हणाला, “मावशी, एका गोष्टीची एकच नोंद ठेव. जुनी आणि नवी दोन्ही राहिल्या तर तो कुठली खरी धरेल हे आपल्या हातात नाही.” बरोबर आहे त्याचं. मार्चमध्ये मी ‘गुडघा दुखतो, जिने टाळते’ असं लिहिलं होतं. दुखणं थांबून दोन महिने झाले तरी सहायक मला चढ नसलेल्याच जागा सुचवत राहिला. ती ओळ मी काढून टाकली तेव्हा मनात काहीही हललं नाही. गुडघ्याची ओळ जाते, काकांची जात नाही, आणि दोन्ही तितक्याच शिळ्या आहेत. काका आणि मी हल्ली बोलतो. शेताबद्दलही बोलतो.

भाच्याच्या सल्ल्याच्या उलट, निकलस लुमान हा जर्मन समाजशास्त्रज्ञ आपल्या टिपणांची जुनी चिठ्ठी बदलत बसायचा नाही. नवा विचार आला की तिच्याच क्रमांकाला पुढे आकडा किंवा अक्षर जोडून मागे दुसरी चिठ्ठी घालायचा. अशा सुमारे ९०,००० चिठ्ठ्या झाल्या. चिठ्ठ्यांच्या खणांना तो संवादातला जोडीदार मानायचा. पण त्याच्या चिठ्ठ्या वाचनाच्या आणि विचारांच्या होत्या. माणसांचं काय करायचं हे मला त्याच्याकडून कळत नाही.

ते कळेल तर रिद्धपूरला, महानुभाव पंथाच्या गावी, असं वाटत राहतं. आत्याचं सासर महानुभाव. एकदा एसटीने ती मला तिकडे घेऊन गेली होती. पुष्कळ पायऱ्या, नमस्कार करून करून गुळगुळीत झालेले दगड आणि खूप ऊन, एवढंच मला आठवतं. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी त्यांच्या चरित्रासाठी, लीळाचरित्रासाठी, आठवणी गोळा केल्या त्या याच गावाच्या आधाराने. ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, वाढलं त्या माणसांना गाठून विचारायचं, आणि आलेलं पंथप्रमुख नागदेवाचार्यांपुढे ठेवून पडताळायचं. एका माणसाबद्दलची इतक्या जणांची इतकी बारीक माहिती: तो कुठे थांबला, काय जेवला, कुणाला काय म्हणाला.

परंपरा सांगते की पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती मूळ पोथी गेली. मग ज्याला जे मुखोद्गत होतं त्यावरून ती पुन्हा उभी केली गेली. त्यात हिराइसा होती, एकदा ऐकलं की धरून ठेवणारी म्हणून तिची ख्याती. सगळ्यांचं सगळं जुळेना, म्हणून पाठ वेगवेगळे झाले. मला हलवून सोडते ती पुढची गोष्ट. न जुळणारी आठवण त्यांनी टाकली नाही. ती पोथीतच ठेवली आणि तिला नाव दिलं ‘वासना’. एकाची वासना अशी, दुसऱ्याची तशी. आज आपण हा शब्द भलत्याच अर्थाने वापरतो. तिथे तो आठवणीचा आहे, मनावर राहिलेल्या ठशाचा. कापूर उडून गेल्यावर डबीत वास राहतो तसा.

काकांच्या ओळीखाली मी तेवढंच करावं, नवी ओळ लिहावी आणि जुनी राहू द्यावी, असं काल जवळजवळ ठरलं होतं. मग वाटलं, वासना कोणाची? फाइलीत दोन ओळी राहतील त्या दोन्ही माझ्याच. काकांनी तेव्हा काय धरून ठेवलं हे मी कधी विचारलेलं नाही. आणि महानुभावांनी आपल्या पोथ्या परक्याला वाचता येऊ नयेत म्हणून सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. मी मात्र काकांचं मौन साध्या मराठीत लिहून दर संवादाला कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर पाठवते. त्यांना न विचारता. हे लक्षात आल्यावर ओळ ठेवण्याचा माझा आग्रह तेवढा शुद्ध वाटेना. आणि पुसायला गेले तर हात थांबतो तो थांबतोच. शेताचा विषय टाळलेली ती तीन वर्षं झालीच नाहीत असं सहायकाने मानलं तर चालेल. मी मानलं तर?

काल रात्री आतेभावाला फोन केला. औटकी कुठपर्यंत येते ते दोघांनी म्हणून पाहिलं. माझी दिडकी सबंध आली, औटकी आठ औट अठ्ठावीसवर थांबली. म्हणजे मागचं टिकलं होतं आणि पुढचं सपाट. मी त्याला म्हटलं, आत्याची ती म्हण आठवते ना, औटकीच्या वेळची?

“आई औटकीला नव्हती म्हणाली,” तो म्हणाला. “पाऊणकीला. आणि मला म्हणाली होती. त्या उन्हाळ्यात तू आलीच नव्हतीस.”