एका घराचे दोन उंबरठे

आमचे आप्पा तानसाला राहतात आणि आम्ही डोंबिवलीला. आई गेल्यापासून "आता इकडे या" असे आम्ही दर दिवाळीला म्हणतो आणि "पाहू" असे ते दर दिवाळीला म्हणतात. शनिवारी कसारा लोकलने आटगावला उतरून त्यांच्याकडे जायचे, हा माझा नेम. अलीकडे मात्र तो मोडायला मी सबब शोधत असे.

आईच्या ओव्या आम्ही पूर्वी टेपवर घेतल्या होत्या. त्या आता डोंबिवलीच्या घरातल्या एका साठवणीच्या पेटीत आहेत. आप्पांना त्या ऐकायच्या होत्या. पण त्यांचा टीव्ही स्वतःच्या घरातल्याच पेट्या ओळखतो. भाचा म्हणाला, "मामा, ही यंत्रे एकमेकांना हाक मारून शोधतात आणि ती हाक राउटरचा उंबरठा ओलांडत नाही. आपण दोन्ही राउटरांमध्ये बोगदा काढू आणि त्यातून ब्रिज बांधू. मग हाकसुद्धा पलीकडे जाईल."

बोगदा, आणि त्यातून पूल! मराठीच्या प्राध्यापकाने या रूपकाला हरकत घ्यायला हवी होती. पण मी गप्प बसलो.

बोगद्याला कुदळ लागली नाही. नेहमीच्याच इंटरनेटवरून, पण बंद लाखोट्यातून, इकडचे बोलणे तिकडे जाऊ लागले. दोन्ही घरे १९२.१६८.१ या एकाच आळीत आली. दुसऱ्याच दिवशी डोंबिवलीची वीज गेली आणि तानसाला आप्पांचे इंटरनेट बंद! घरात आलेल्या यंत्राला पत्ता देण्याचे काम राउटरचे. आणि आता घरात कर्ते दोन. आप्पांच्या फोनने पत्ता मागितला, तेव्हा डोंबिवलीच्या राउटरने आधी उत्तर दिले. त्यामुळे त्यांचा प्रत्येक निरोप डोंबिवलीला वळसा घालून जगात जात होता. भाच्याने मग पत्ता मागणारी हाक तेवढी पुलावर अडवली आणि इकडे १० ते ९९, तिकडे १०० ते १९९ अशी आकड्यांची वाटणी केली. एकत्र कुटुंबे टिकतात ती अशाच समजूतदार वाटणीवर.

त्या रात्री आप्पांचा फोन आला. "ऐकल्या," एवढेच म्हणाले. मला हायसे वाटले. खरे सांगतो, आता शनिवारी गेलो नाही तरी चालेल, असेही मनात आले. तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले, तेव्हापासून तिथले पाणी उताराने मुंबईला येते. घेणाऱ्याने नळ तेवढा सोडायचा. नात्याचेही तसेच व्हावे, अशी माझी इच्छा असावी.

शुक्रवारी संध्याकाळी आमचा प्रिंटर एकाएकी खरखरला. जवळ कोणीच नव्हते. बाहेर आलेल्या कागदावर टपोऱ्या अक्षरांत दोन ओळी होत्या : "तुमचे छापायचे यंत्र इथून दिसते आहे. कागद उमटला की नाही, ते उद्या येऊन सांग."

फोनवर सांगता आले असते. पण आज्ञा 'येऊन सांग' अशी होती. मी पिशवी भरायला घेतली.