अंबडच्या वाटेवरील अमृता

जालन्याहून अंबडकडे जातांना दुतर्फा काळी जमीन व बांधांवर कडुनिंब दिसूं लागतात. एखाद्या निंबावर हृदयाकृति पानांची वेल चढलेली आढळते, तीच गुळवेल. संस्कृतांत हिला ‘अमृता’ म्हणतात, आणि तोडली तरी पुन्हां फुटते म्हणून ‘छिन्नरुहा’.

औषधि ओळखणें ही वैद्यविद्येची पहिली पायरी. ती कशी घ्यावी हें जाणणें ही दुसरी. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फांट हे पांच कल्प आपल्या वैद्यकानें सांगितले, ते उगीच नव्हेत. चीन देशांतील एक उदाहरण पाहा. गे हुंग ह्या चौथ्या शतकांतील ग्रंथकारानें पाळीच्या तापावर ‘छिंगहाओ’ ही वनस्पति पाण्यांत भिजवून, पिळून तिचा रस घ्यावा, असें लिहिलें. उकळण्याचें नांव नाहीं. त्यावरून उकळल्यानें गुण नासत असावा हें ताडून तू यूयू ह्या विदुषीनें १९७१ सालीं कमी उष्णतेवर सत्त्व काढलें. त्यांतून हिंवतापाचें औषध निघालें, व २०१५ सालीं तिला नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु श्रद्धेस विवेकाची जोड हवी. २०२० सालच्या महामारींत गुळवेल घेणाऱ्या मुंबईच्या कांहीं रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचें डॉक्टरांनीं नोंदविलें. तशीच दिसणारी दुसरी जात वापरांत आली असावी, असें आयुष मंत्रालयाचें म्हणणें पडलें. वाद कसाही सुटो, बोध एकच. मत्स्योदरीच्या दर्शनास अंबडास जाणाऱ्यांनीं ही वेल अवश्य पाहावी. पण जाणत्या वैद्यास दाखविल्यावांचून तिचें कांडें घरच्या चुलीवर चढवूं नये.