बेचाळीसशे रुपये

मी काकांचे ४,२०० रुपये देणं लागते. २००३ सालच्या ऑक्टोबरपासून. तेव्हा माझा महिन्याचा पगार सहा हजार होता, त्यामुळे रक्कम लहान नव्हती. आता काका नाहीत, आणि होते तेव्हाही त्यांनी ते पैसे घ्यायचं नाव काढू दिलं नाही.

काका म्हणजे नात्यातले नव्हेत. पुण्यात सदाशिव पेठेतल्या ज्या मासिकाच्या कचेरीत मी कामाला लागले, तिथे ते आठवड्यातून दोन दिवस ‘रंग बघायला’ येत. वय अडुसष्टच्या आसपास, पांढरा शर्ट, खिशात घडीचं भिंग. उभी हयात लक्ष्मी रोडवरच्या एका फोटो स्टुडिओत निगेटिव्ह रिटचिंग करण्यात गेलेली. मी तेवीस वर्षांची, कमर्शियल आर्टचा डिप्लोमा नुकताच हातात पडलेला. फोटोशॉपची सातवी आवृत्ती वर्षभरापूर्वी आली होती आणि तिच्यात हीलिंग ब्रश हे नवं हत्यार होतं. त्याआधी क्लोन स्टॅम्पनं एकेक ठिपका उचलून दुसरीकडे बसवावा लागे; आता सुरकुतीवरून ब्रश फिरवला की आजूबाजूच्या कातडीचा पोत आपोआप येऊन बसायचा. मला त्या ब्रशचं वेडच लागलं होतं.

दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांसाठी लोक अंक जपून ठेवत. आमच्या संपादकबाईंनी त्या वर्षी ठरवलं की दिवा घेतलेली, रंगवलेली सुंदरी नको, खरा चेहरा हवा. अंकात जात्यावरच्या ओव्यांवर मोठा लेख होता. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या जमवल्या, त्या कामाचा धागा धरून लिहिलेला. म्हणून मुखपृष्ठावर माण तालुक्यातल्या, सत्तरी ओलांडलेल्या, ओव्या म्हणणाऱ्या एका आजींचा चेहरा घ्यायचं ठरलं.

फोटो अप्रतिम होता. सहा बाय सहा सेंटिमीटरची ट्रान्सपरन्सी. आजी दारात बसलेल्या, उजेड डावीकडून, डोक्यावरचा पदर कानामागे सरकलेला. स्कॅन होऊन आलेली फाईल मी उघडली आणि दोनशे टक्क्यांवर नेली. हे काम न करणाऱ्याला सांगून कळणार नाही, पण त्या मापावर चेहरा चेहरा राहत नाही, मुलूख होतो. नाकपुडीच्या कडेची घडी, पापणीखालची ओल, डाव्या भुवईच्या वरची जुनी खोक. चार दिवस मी त्या मुलुखात हिंडत होते. आधी धूळ काढली, फिल्मवरचे चरे काढले. मग हात थांबेना. गालावरचे वांग काढले, ओठांवरच्या भेगा बुजवल्या. कपाळावर दोन भुवयांच्या मधे आणि हनुवटीवर हिरवट-काळे ठिपके होते. तेही एका दुपारी गेले. ले-आउटची घाई होती. संपादकबाईंनी छोट्या प्रिंटवर नजर टाकली, ‘छान’ म्हणाल्या. फाईल गेली, चार रंगांच्या पॉझिटिव्ह निघाल्या, प्लेटा झाल्या.

रात्री नऊच्या सुमारास आम्ही प्रेसमध्ये होतो. पहिले वीस-पंचवीस ताव मशीनमधून येतात तेव्हा रंग जुळलेले नसतात. काका एकेक ताव उचलून भिंग लावत, ‘मॅजेंटा थोडा उतरवा’ असं मशीनमनला सांगत. एका तावावर ते थांबले. भिंग काढलं. नुसत्या डोळ्यांनी बघितलं.

“हिच्या कपाळावरचं कुठं गेलं?”

मी हौसेनं म्हणाले, “काढलं काका. डाग होते.”

ते काही बोलले नाहीत. मशीनमनकडे वळले आणि म्हणाले, “थांबवा.”

गोंदण होतं ते. माझ्या आजीच्या हातावर होतं, शेजारच्या काकूंच्या हनुवटीवर होतं, लहानपणापासून बघितलेलं होतं. आणि तरी पडद्यावर दोनशे टक्क्यांवर मला तो डाग दिसला. याची लाज मला अजून वाटते.

स्कूटरवरून आम्ही कचेरीत परत आलो. मी मूळ फाईलवरच काम केलं होतं, मागे जायची वाट नव्हती. नशिबानं स्कॅनची सीडी कपाटात होती. सगळं पहिल्यापासून. काका शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांना माऊस नीट धरता येत नसे, पण लेयर म्हणजे काय हे मी सांगताच त्यांना जितकं चटकन कळलं तितकं कॉलेजात आम्हालाही कळलं नव्हतं. त्यांच्या धंद्यात ते होतंच. निगेटिव्हवर आधी टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या राळेचं पातळ मीडियम चोळायचं, मग सँडपेपरवर सुईसारख्या लांब टोकानं घासलेल्या पेन्सिलीनं स्वल्पविरामासारखे बारीक फटकारे मारायचे. सुरकुती निगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसते. तिच्यात शिसं भरलं की प्रिंटवर ती उजळते. चुकलं तर टर्पेंटाइनचा बोळा फिरवायचा, मीडियमसकट पेन्सिल निघून येते, निगेटिव्ह जशीच्या तशी. पण प्रिंटवर काही काळं करायचं असेल तर निगेटिव्हचा थर सुरीनं खरवडावा लागतो, आणि ते परत येत नाही.

“पेन्सिल पुसता येते गं,” ते म्हणाले. “सुरी पुसता येत नाही. तू सुरी चालवलीस.”

त्या रात्री त्यांनी मला जे सांगितलं त्यावर मी आजवर पोट भरते आहे. पंधरा दिवसांनी आपणहून जाणार असेल ते आज काढ: पुटकुळी, उडालेला केस, झोप न झाल्याची सूज. पंधरा वर्षांपासून असेल त्याला हात लावू नकोस. कातडीत यलो मॅजेंटापेक्षा थोडा जास्त असू दे, आणि सावळ्या माणसाचा सायन चोरू नकोस. सायन काढला की माणूस गोरा होत नाही, ताप आल्यासारखा दिसतो. आपल्या कागदावर ठिपका पसरतो, म्हणून पडद्यावर दिसतं त्यापेक्षा सावल्या थोड्या उघड्या ठेव. हे सगळं ते डोळे पडद्यावरून न हलवता, हळू आवाजात सांगत होते. पहाटे चारला आजींच्या कपाळावर ठिपके परत आले. मोजले, सात होते. हनुवटीवर एक.

नव्या पॉझिटिव्ह, नव्या प्लेटा, मशीनचा वाया गेलेला वेळ: बिल ४,२०० रुपये. ते माझ्या पगारातून कापायचं ठरत होतं. काकांनी संपादकबाईंना सांगितलं की फाईल पाठवण्याआधी बघायचं काम माझं होतं, मी बघितली नाही. ते खरं नव्हतं. फाईल त्यांच्याकडे गेलीच नव्हती. मला हे महिन्याभरानं हिशेबनिसांकडून कळलं.

ते एवढे का हलले, हे त्यांनी पुढे कधीतरी चहा पिताना सांगितलं. स्टुडिओत मुलींचे दाखवायचे फोटो फार यायचे. ‘जरा उजळ करा’ ही मागणी ठरलेली. एका मुलीच्या ओठाच्या वर ठसठशीत तीळ होता. वडिलांच्या सांगण्यावरून यांनी तो पेन्सिलीनं भरला. मुलाकडचे बघायला आले आणि ‘फोटोत नव्हता’ एवढं म्हणून उठून गेले. दुसऱ्या दिवशी ते वडील स्टुडिओत येऊन बाकावर बसले. भांडले नाहीत. अर्धा तास बसले आणि उठून गेले. “मुलीला काय वाटलं असेल,” काका म्हणाले, आणि कपातल्या चहाकडे बघत राहिले. काम तेच चालू ठेवावं लागलं, घर चालवायचं होतं. पण तिळाला त्यांनी पुन्हा पेन्सिल लावली नाही.

आता मी शिकवते. पहिल्या तासाला मुलांपुढे जून १९९४ची दोन अमेरिकी मुखपृष्ठं ठेवते. ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’, दोन्हींवर ओ. जे. सिम्प्सनचा पोलिसांनी काढलेला तोच एक फोटो. ‘न्यूजवीक’नं आहे तसा छापला, ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर चेहरा काळवंडवलेला, कडा अंधारलेल्या. खटला उभा राहायच्या आधीच माणूस गुन्हेगार दिसू लागला, आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. मुलं दोन्ही चित्रं बघून गप्प होतात. मग मी त्यांना सांगते की कुणाला गोरं करणं हेही याच घरचं आहे. आपल्याकडे त्यावरून कुणी गदारोळ करत नाही, इतकंच.

अंक निघाल्यावर काका म्हणाले, आजींना प्रत आपण नेऊन देऊ. टपालानं पाठवता आली असती. पण आम्ही एसटीनं दहिवडीला उतरलो, तिथून जीपनं गावात. आजी ओट्यावर शेंगा निवडत होत्या. मी त्यांना ओळखत होते, इतकं की भुवईवरची खोक कुठल्या कोनात वळते ते डोळे मिटून काढून दाखवलं असतं. त्यांनी मला कधीच पाहिलं नव्हतं. हा प्रकार आमच्या कामात नेहमीचा, पण त्या दिवशी समोर बसून मला फार अवघडल्यासारखं झालं.

त्यांनी अंक उजेडात धरला. बराच वेळ बघितला. मग एक बोट स्वतःच्या हनुवटीला लावलं आणि दुसऱ्या हाताचं बोट कागदावर.

“ह्ये बी आलंय की,” त्या म्हणाल्या. “सात वर्साची व्हते. आयनं डोस्कं मांडीत दाबून धरलं व्हतं. लई वराडले.” मग थोडं थांबून, “सोनं काढून घेत्यात मेल्यावर. ह्ये तेवढं येतं संगं.”

काका माझ्याकडे बघतील म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी बघितलं नाही. ते आजींना विचारत होते, यंदा पाऊस कसा झाला.

निघताना आजींनी फडक्यात बांधून शेंगा दिल्या. परतीच्या गाडीत मी पर्समधून पाकीट काढलं. पाचशे रुपये होते, पहिला हप्ता म्हणून बाजूला ठेवलेले. काकांनी पाकिटाकडे पाहिलं, फडकं सोडलं आणि ओंजळभर शेंगा माझ्या हातात ओतल्या.

“सोल,” म्हणाले. “फलटण येईपर्यंत संपवायच्यात.”