बर्फाचं अंदाजपत्रक

आम्हा सीए मंडळींचं वर्ष तारखांवर चालतं. 31 जुलैला साधी विवरणपत्रं, 30 सप्टेंबरला टॅक्स ऑडिट, 31 ऑक्टोबरला ऑडिटवाल्यांची विवरणपत्रं, 31 डिसेंबरला जीएसटीचं वार्षिक विवरणपत्र. एखाद्या वर्षी मुदतवाढ मिळते, तारखा पुढे सरकतात, पण क्रम तोच राहतो. काश्मीरचा हिवाळाही असाच तारखांनी बांधलेला आहे. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, त्यानंतर वीस दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे दहा दिवस चिल्लई बच्चा. ही दोन पंचांगं शेजारीशेजारी ठेवली की दिसतं, जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत पुण्यातलं माझं काम सर्वांत हलकं असतं आणि नेमका तेव्हाच गुलमर्गला बर्फाचा हंगाम असतो. गेली काही वर्षं हे दिवस मी तिकडे स्कीइंग करते. त्यासाठी उत्पन्नातून काय सोडलं आणि त्या बदल्यात काय मिळालं, त्याचा हा हिशेब.

गढवाल मंडल विकास निगमच्या औलीतल्या शिबिरात मी पहिल्यांदा पायांना स्की बांधल्या, तेव्हा पस्तिशी उलटली होती. तिथून ओढ लागली ती गुलमर्गची. गुलमर्ग साधारण 2,650 मीटर उंचीवर आहे. तिथला गोंडोला, म्हणजे रोपवे, दोन टप्प्यांत वर नेतो. 1998 मध्ये सुरू झालेला पहिला टप्पा कोंगडोरीला थांबतो आणि 2005 मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवटच्या धारेजवळ, जवळजवळ 3,950 मीटरवर पोचवतो. आखून दिलेल्या वाटा इथे थोड्याच आहेत, बाकी सगळा डोंगर मोकळा. ताज्या, भुसभुशीत बर्फातून, सूचिपर्णी झाडांच्या मधून वळणं घेत थेट द्रंगला, बाबा रेशीला किंवा तंगमर्गला उतरायचं आणि सुमोत बसून पुन्हा वर यायचं. हे एकदा अनुभवलं आणि वर्षाकाठी चार दिवसांची सहल मला अपुरी वाटू लागली.

अपुरी वाटण्याला हौसेपलीकडचं कारण आहे. गुलमर्गचा बर्फ पश्चिमी विक्षोभांबरोबर येतो आणि ते सुट्ट्यांच्या तारखा पाहून येत नाहीत. मोठी बर्फवृष्टी झाली की तंगमर्गपासूनचा तेरा किलोमीटरचा घाट अडतो, साखळ्या बांधलेल्या गाड्याच तेवढ्या वर जातात. वारा सुटला की गोंडोलाचा दुसरा टप्पा बंद राहतो. वारा पडतो, आभाळ निळंशार होतं, उतार पांढरेशुभ्र दिसतात आणि नेमका तोच काळ हिमस्खलनाच्या दृष्टीने फार धोक्याचा असतो, कारण नव्याने पडलेला थर खालच्या थराला अजून धरलेला नसतो. 1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवटवर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू गेले. 22 फेब्रुवारी 2024 रोजी खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन स्कीपटू गेला. छातीवर बांधलेला ट्रान्सीव्हर, पाठीवरच्या पिशवीत फावडं आणि शोधकाठी, सोबतीला जाणता वाटाड्या, हे सगळं लागतंच. पण त्याहून महत्त्वाचं एक साधन आहे, ते म्हणजे हाताशी असलेले दिवस. परवा सकाळचं विमान असणाऱ्या माणसाला "आज नको" म्हणणं फार जड जातं. माझ्यासमोर अजून तीन आठवडे असतात, म्हणून धोक्याचा इशारा वाचून मी शांतपणे खोलीत बसू शकते. मी जे उत्पन्न सोडते, त्यातून सगळ्यात आधी हा थांबण्याचा अधिकार विकत घेते.

आता त्या उत्पन्नाचं. आमची भागीदारी फर्म आहे, अशील बहुतेक चिंचवड-भोसरीकडचे लघुउद्योजक. पूर्वी आम्ही प्रत्येक कामाचं वेगळं बिल लावायचो. त्यात मी जागेवर नसले की बिल नाही, असा सरळ हिशेब होता. आम्ही पद्धत बदलली. वर्षाची फी आधी ठरवायची आणि चार हप्त्यांत घ्यायची. कामाच्या तारखा सांभाळल्या की झालं, त्या तारखेला मी कोणत्या गावात आहे याच्याशी कुणाला देणंघेणं राहिलं नाही. 1 जानेवारी 2021 पासून पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना जीएसटीचं विवरणपत्र तिमाही भरण्याची सोय झाली. ज्यांना ती सोयीची होती, त्यांना आम्ही तिकडे वळवलं. त्यामुळे जानेवारीत तिमाहीचं काम आणि महिनाअखेरीस टीडीएसचं विवरणपत्र एवढं आटोपलं की फेब्रुवारी बराच मोकळा होतो. मोकळा म्हणजे रिकामा नव्हे, मोठ्या अशिलांची 11 आणि 20 तारखेची विवरणपत्रं दर महिन्याला असतातच.

काही काम मात्र सरळ सोडावं लागलं. जानेवारी-फेब्रुवारीत कर्जाचे प्रस्ताव तयार करून देण्याची मागणी असते, त्यात पैसे चांगले मिळतात आणि ते काम समोर बसून करावं लागतं. ते मी घेत नाही. ज्यांना दररोज ऑफिसात सीए हवा, अशा दोन अशिलांना मी दुसऱ्या फर्मकडे पाठवलं. या सगळ्यामुळे माझं वर्षाचं उत्पन्न साधारण आठव्या हिश्शाने कमी झालं. ही घट आम्ही घरी बसून मोजली. घराचा हप्ता, मुलीचं शिक्षण, पीपीएफ, सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढी गंगाजळी, यांतल्या कशालाही हात लागणार नाही अशी खात्री झाल्यावरच पुढचं पाऊल टाकलं. नवी गाडी आणि मोठं घर यादीतून गेलं. मुलगी दहावीला होती, त्या हिवाळ्यात मी पुण्यातच राहिले. उत्पन्नाप्रमाणे वेळेचेही घेणेकरी असतात आणि त्यांचं देणं आधी चुकतं करायचं असतं.

हे निभावतं त्याचं मोठं श्रेय माझ्या भागीदाराला आहे. तो दरवर्षी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जातो. जून-जुलैतले जवळजवळ तीन आठवडे, म्हणजे 31 जुलैची मुदत तोंडावर आलेली असताना. फर्म सुरू केली तेव्हाच त्याने सांगितलं होतं, वारी चुकणार नाही. मी बर्फाचा विषय काढला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ताई, आषाढात तुम्ही बघा, माघात मी बघतो." त्याच्या वारीने मला पुष्कळ शिकवलं. पेरण्यांच्या दिवसांत शेतं ठेवून निघणारी माणसं उत्पन्नाचा विचार करत नाहीत असं नाही. पेरणी कोण उरकेल, गुरांना वैरण कोण घालेल, हे सगळं ठरवून ती निघतात. प्रस्थानाची तिथी पक्की असते आणि बाकी वर्ष तिच्याभोवती बसवलं जातं. मीही तसंच केलं. आधी बर्फाचे दिवस पक्के केले आणि उरलेल्या दिवसांत किती काम बसतं ते पाहिलं. काम संपल्यावर उरतील ते दिवस बर्फाला द्यायचे, असं ठरवलं असतं तर एकही दिवस उरला नसता.

तिकडे राहण्याची व्यवस्थाही हिशेबात बसवली. गुलमर्गमधल्या हॉटेलात महिनाभर राहणं मला परवडत नाही. मी तंगमर्गला एका कुटुंबात खोली घेते. हमामची ऊबदार फरशी, रात्री निखाऱ्यांची कांगडी, सकाळी नून चहाबरोबर तंदूरमधली गिरदा. सकाळी सामायिक सुमोने वर जायचं. बूट मात्र स्वतःचे घेतले, कारण भाड्याचे बूट पायाला नीट बसत नाहीत आणि वळणावर ताबा राहत नाही. बऱ्याच आरोग्य विम्यांतून साहसी खेळांतली इजा वगळलेली असते, म्हणून त्यासाठीचा वेगळा विमा काढते. या दोन गोष्टींत काटकसर करत नाही.

कामाची साधनंही तितकीच काळजीने न्यावी लागतात. जम्मू-काश्मीरबाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. ओटीपीशिवाय आमचं एकही पोर्टल उघडत नाही, त्यामुळे ही बाब किरकोळ नाही. 2019-20 च्या हिवाळ्यात तिथे इंटरनेट बंद होतं, जानेवारीअखेरीस टूजी आलं तेही मोजक्या संकेतस्थळांपुरतं. तो हंगाम मी सोडला. फोरजी परत आलं 5 फेब्रुवारी 2021 ला आणि तेव्हापासून ही व्यवस्था सुरळीत लागली. वादळाचे, घाट बंद असलेले दिवस मी कामाला देते. वीज गेली तर बॅटरी असते. दोन वादळांमध्ये उतार स्थिरावले की दिवसभर डोंगरावर. एरवी वाया गेले म्हणून ज्यांची हळहळ वाटली असती, तेच दिवस माझ्या राहण्याचा खर्च भरून काढतात.

माझ्या वाटाड्याचा हिशेब याच्या उलट आहे. त्याच्यासाठी बर्फाचे दिवस म्हणजेच कमाई. ऐन हंगामात तो रोज स्कीवर असतो, पण दुसऱ्यांसाठी. स्वतःच्या मनासारखा उतार त्याला क्वचितच मिळतो. उन्हाळ्यात सफरचंदाची बाग आणि टॅक्सी. 2024 च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं होतं, चिल्लई कलां संपत आला तरी माळावर तपकिरी गवत दिसत होतं. बर्फ आला तो जानेवारी सरता सरता. माझी त्यात फक्त थोडी सुट्टी गेली. वाटाडे, स्लेज ओढणारे, घोडेवाले यांचे महिन्याभराचे पैसे गेले. 2025 मध्ये बर्फाअभावी गुलमर्गचे खेलो इंडिया हिवाळी खेळ फेब्रुवारीतून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावे लागले. तेव्हापासून मी वाटाड्याचे ठरलेले पैसे बर्फ पडो न पडो देते. ज्या डोंगरावर मी वेळ विकत घेते, तिथल्या माणसांनी तोटा एकट्याने सोसावा हे मला पटत नाही.

तंगमर्गचाच आरिफ खान 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता, जायंट स्लॅलममध्ये तो 45 वा आला. त्याच्या वडिलांचं स्कीच्या सामानाचं दुकान. बर्फाच्या कुशीत वाढलेल्या खेळाडूलाही स्पर्धांच्या प्रवासासाठी पैसे उभे करण्याची धडपड करावी लागली. या खेळात पैशाचा प्रश्न कुणालाच चुकलेला नाही. फरक एवढाच की काहींना तो निवडीचा असतो आणि काहींना पोटाचा. माझा निवडीचा आहे, याची जाणीव ठेवूनच मी हे लिहिते आहे.

"हे सगळं निवृत्तीनंतर करा ना," असं मला अनेक जण प्रेमाने सांगतात. स्कीइंगचा भार गुडघ्यांवर येतो आणि साठीनंतर नव्याने हा डोंगर शिकणं अवघड आहे. पैसे पुढेही मिळवता येतील, आजचे गुडघे मिळणार नाहीत. शिवाय या महिन्याभरामुळे बाकीचं काम बिघडलेलं नाही. 15 मार्चचा आगाऊ कर, वर्षअखेर, एप्रिलमधलं बँक शाखांचं ऑडिट, ही सर्वांत दमवणारी रांग मी ताज्या डोक्याने पार पाडते. पद्धत बदलल्यानंतर एकही अशील मी नसते म्हणून सोडून गेलेला नाही.

तुमचा डोंगर वेगळा असेल. सह्याद्रीतली भटकंती असेल, गाणं असेल, वारी असेल. पुढच्या वर्षीच्या कामांना होकार देण्याआधी एक कागद घ्या. आधी घराची देणी लिहा, मग त्या गोष्टीचे दिवस लिहा आणि उरलेल्या जागेत कमाई बसवा. आकडा थोडा कमी निघेल. तो परवडत असेल तर तारखा आजच पक्क्या करा आणि ज्याच्या मदतीने हे जमणार आहे त्याच्या तारखा तुम्ही सांभाळा.