रिकाम्या खुर्च्यांपुढे

स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमांची यादी करण्याचे काम ज्याच्या गळ्यात पडते, त्याचा त्या आठ दिवसांत मोठा रुबाब असतो. गतवर्षी तो मान आमच्याकडे आला होता. दहावीच्या पाच मुली कोरियन गाण्यावर नृत्य बसवण्याची परवानगी मागण्यास आल्या, तेव्हा आम्ही चष्म्यावरून पाहत विचारले, "त्या गाण्याचा अर्थ तरी तुम्हांला समजतो काय?"

त्यांतली एक हळूच म्हणाली, "सर, अर्थ मी लिहून आणला आहे."

कागद आम्ही घेतला. वाचला मात्र नाही. स्पष्ट नकार देणेही जमेना, म्हणून त्यांना यादीतील शेवटचा क्रमांक दिला.

शेवटचा क्रमांक म्हणजे काय, हे शाळेत वावरणाऱ्यास सांगावयास नको. बक्षीस समारंभ आटोपला, पाहुणे उठले, त्यांच्यामागून पालक उठले. मुली रंगमंचावर आल्या तेव्हा समोर रिकाम्या खुर्च्या, बालवर्गातील काही चिमुरडी आणि खुर्च्या आवरण्यास आलेले दोन शिपाई, एवढाच प्रेक्षकवर्ग उरला होता. तरीही सभागृह तुडुंब भरले आहे अशा तन्मयतेने त्या नाचल्या. एकही पाऊल चुकले नाही. आम्ही विंगेत घड्याळाकडे पाहत उभे होतो.

मे महिन्याच्या सुटीत कपाट आवरताना तो कागद हाती लागला. मनास थोडी टोचणी लागली आणि आम्ही या 'के-पॉप' नावाच्या प्रकरणाचा अभ्यास आरंभिला. पैसा आणि झगमगाट यांच्या बळावर हा डोलारा उभा आहे अशी आमची समजूत होती. ती सर्वस्वी खोटी नव्हे. कंपन्या मुलामुलींना वर्षानुवर्षे शिक्षण देतात. पथकाचा वेष, रंग, स्वभावदेखील आधी योजून ठेवलेला असतो. नवे गाणे निघाले की गुरुवारपासून रविवारपर्यंत निरनिराळ्या दूरचित्रवाणी केंद्रांवर तेच पुन्हा पुन्हा सादर होते. परंतु एवढे सारे सर्वच करू लागल्यावर त्यांतून एखादे नवे पथक उठून दिसावे तरी कसे?

कोणी रूढ वाट सोडून पाहतो. २०२२ च्या जुलैमध्ये 'न्यूजीन्स' या पथकाने आगाऊ नगारे न वाजवता पहिल्या गाण्याची चित्रफीत एकाएकी प्रसिद्ध केली. सगळे ओरडत असता गप्प राहणाऱ्याकडे लक्ष जावे, तसे झाले. त्याहून जुनी गोष्ट १९९२ ची. सेओ ताइजी आणि त्याचे दोन सोबती दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात गायिले, तेव्हा परीक्षकांनी त्यांना सर्वांत कमी गुण दिले. तरुणांनी मात्र तेच गाणे डोक्यावर घेतले, आणि आजच्या कोरियन लोकप्रिय संगीताचा उगम पुष्कळजण तेथूनच मोजतात.

'बीटीएस' हे सात मुलांचे पथक २०१३ च्या जूनमध्ये रंगमंचावर आले, ते एका लहानशा कंपनीतून. मोठ्यांचा आधार नसल्यामुळे पदार्पणाच्या आधीपासूनच ती मुले आपला सराव, आपल्या गमती, आपले कष्ट इंटरनेटवरून लोकांना दाखवीत होती. त्याच वर्षी चाहत्यांस 'आर्मी' हे नाव मिळाले. दूरचित्रवाणीच्या साप्ताहिक स्पर्धेतला पहिला विजय मिळण्यास २०१५ चा मे उजाडला. आणि बहुतांशी कोरियन भाषेतला त्यांचा गीतसंग्रह २०१८ मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिला आला. या पथकांची एक रीत आम्हांस फार आवडली. ती प्रेक्षकाला नुसते बसवून ठेवीत नाहीत, काम देतात. गाणे सुरू होताच गायकांची नावे ठरलेल्या क्रमाने पुकारणे हे प्रेक्षकांचे काम. प्रत्येक पथकाचा हातदिवाही वेगळा. ज्याला काम मिळाले, तो परका राहत नाही.

परंतु आमची मान खाली गेली ती 'ब्रेव्ह गर्ल्स'ची हकीकत वाचून. २०१७ च्या मार्चमध्ये त्यांचे 'रोलिन' हे गाणे निघाले आणि पडले. तरी त्या चौघी सैनिकांच्या छावण्यांतून, दूरच्या बेटावरही, तेच गाणे मनापासून गात राहिल्या. पथक मोडण्याच्या गोष्टी चालू असताना, २०२१ च्या फेब्रुवारीत, कोणी एकाने त्या छावण्यांतील दृश्ये एकत्र जोडून प्रसिद्ध केली. ज्यांच्यासमोर त्या गायिल्या होत्या, ते सैनिक त्यांना विसरले नव्हते. मार्चमध्ये तेच चार वर्षांपूर्वीचे गाणे देशात पहिल्या क्रमांकावर पोचले.

उठून दिसणे ही सुरुवात खरी; पण समोर जे चार जण बसले आहेत, त्यांस चारशेंचा मान दिल्यावाचून प्रेक्षक घडत नाही. आमच्या पाच मुलींना हे कोणी शिकविले नव्हते. त्यांनी ते करून दाखविले, आणि शिकविण्याचा पगार घेणारे आम्ही घड्याळ पाहत राहिलो.

आणि अर्थाचे म्हणाल, तर आमच्या घरची भाषा कोकणी. मराठी नाट्यपदे अर्थ कळण्यापूर्वीच आम्ही लहानपणी गुणगुणत होतो. पुढे अर्थ शोधीत मराठीच्या दारी आलो आणि तेथेच राहिलो. त्या मुलीने तर अर्थ आधीच शोधून, सुवाच्य अक्षरांत लिहून आणला होता.

त्या पाचही जणी आता शाळेत नाहीत. हा अंक त्यांच्यापैकी कोणाच्या घरी पोचला, तर आमची क्षमायाचनाही पोचेल. यंदाच्या यादीतही शेवटचा क्रमांक कोणाच्या तरी वाट्यास येणारच. त्या वेळी विंगेत नव्हे, पहिल्या रांगेत बसावयाचे, असे आम्ही ठरविले आहे.