कडी, कुलूप आणि मागचा जिना



आपल्या इंदूरच्या मराठी घरांत 'कुलूप लावलं का?' जितके ऐकू येते, तितकेच 'ताला लावला का?' हेही. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे मला दोन्ही शब्द सारखेच जवळचे. यंदाच्या पालक सभेत मात्र या कुलपावरून बरीच चर्चा झाली. मागच्या जिन्याच्या दाराने कोणीही आत येऊ शकतो, म्हणून शाळेच्या वेळात तिथे कुलूप ठेवावे, अशी सूचना आली. काळजी रास्तच होती.

चांगल्या लिव्हर कुलपात पातळ पट्ट्या असतात. योग्य किल्ली प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर उचलते, तेव्हाच दांडा सरकतो. चोराला ते अवघड जाते, म्हणून शाळा रिकामी असताना ते उत्तम. पण वर्ग भरलेले असताना धूर झाला, तर किल्ली कोणाकडे आहे हे शोधायला वेळ कुठला?

१६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुले गेली. १९९७ साली दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ जण दगावले. तिथे बाल्कनीची एक वाट खासगी बॉक्स बसवून बंद केलेली होती. कुंभकोणमनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली शाळांतील अग्निसुरक्षेबाबत निर्देश दिले. राष्ट्रीय इमारत संहितेत तर स्पष्टच लिहिले आहे, की बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे.

मग चोर आणि आग, दोघांनाही पुरे पडेल असे काय? त्यासाठी दाराला आतून आडवी दांडी बसवतात. ती अंगाने ढकलली तरी खटका सुटतो. बाहेरून मात्र किल्लीच लागते. १९०३ साली शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहात ६०० हून अधिक माणसे मेली, त्यानंतर अशा दांड्या प्रचारात आल्या. संचालक मंडळाने खर्च मंजूर केला. दार आता बाहेरच्या बाजूला उघडते, त्यामुळे मागून गर्दी रेटली तरी ते अडत नाही. सरावात पहिलीच्या एका चिमुरडीने ते एकटीने उघडले. ते पाहून आमचे शिपाई काका म्हणाले, "सर, आता ताला फक्त बाहेरच्यासाठी."

एक विनंती. आपल्यापैकी अनेकांकडे रात्री चॅनल गेटला आतून कुलूप असते. त्याची किल्ली उशीखाली किंवा कपाटात नको. गेटजवळ, पण बाहेरून हात पोहोचणार नाही अशा खिळ्यावर ती टांगा आणि घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही, ती जागा दाखवा. एकदा दिवे मालवून मुलांकडून गेट उघडून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे. या रविवारीच करावे.